लाल तबकडीचा टायमर: दिवाळी ते आखाड, शिलाईच्या दुकानातला अनुभव

आधी निकाल सांगते. वस्तू घेण्यासारखी आहे, पण डब्यावर छापलंय तशी ती आपोआप सवय लावत नाही. ते काम आपल्यालाच करायला लागतं, आणि टायमर कुठं ठेवला यावर त्यातलं निम्मं ठरतं.

तळहाताएवढा चौकोनी डबा आणि त्यावर साठ मिनिटांची तबकडी, एवढंच त्याचं रूप. मधली मूठ हवी तितकी फिरवली की तेवढा भाग लाल होतो, आणि वेळ जाईल तसा लाल भाग आक्रसत शून्यावर येतो. मग पिप् पिप्. एक पेन्सिल सेल लागतो. ऑनलाइन मागवला, सहाशेच्या आतबाहेर पडला. बिननावाचा माल आहे, म्हणून कंपनी कुठली ते विचारू नका.

मी बेळगावच्या शहापुरात ब्लाऊज शिवते, पिको-फॉलही करते. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलपणाच्या विकाराचं, निदान पस्तिशीनंतर झालं, तेही मुलाला दाखवायला गेले तेव्हा. डॉक्टर विचारत होते त्याच्याबद्दल, आणि उत्तरं सगळी माझी निघत होती. यात नवल नाही. हा विकार घराण्यात उतरतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून त्याची आनुवंशिकता 70 ते 80 टक्क्यांच्या घरात धरली जाते. पण वर्गात हुंदडणारं पोर बाईंच्या नजरेत भरतं, खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी भरत नाही. आमच्या पिढीतल्या कितीजणी अशा निसटल्या असतील.

मला कुठली खोड मोडायची होती ते शिवणाऱ्यांना लगेच कळेल. कटिंगला मी कधी कंटाळत नाही. नवं कापड, खडू, टेप, कात्री, जीव रमतो. मशीनवरची जोडणीही होते. पण हूक, लूप, गळ्याची हातशिलाई आली की मन उठतं आणि हात पुढच्या गिऱ्हाइकाचं कापड ओढतो. मग लग्नसराईत दांडीवर बिनहुकाच्या ब्लाऊजांची रांग आणि दारात "अक्का, आज देतो म्हणालासा की!" म्हणणाऱ्या बायका.

आळशी म्हणणारे म्हणोत. शनिवारी मिळणाऱ्या पैशापेक्षा आत्ता समोर असलेलं नवं कापड या मेंदूला जास्त ओढतं, आणि मध्ये किती वेळ गेला ते आतून कळत नाही. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची सगळी मांडणीच अशी आहे की एडीएचडी ही मुळात स्वतःला आवरण्याची अडचण आहे, नुसती लक्ष न लागण्याची नव्हे. जी गोष्ट डोक्यात टिकत नाही ती बाहेर, काम चालतं तिथंच, डोळ्यांसमोर ठेवा, असं ते सांगतात. तबकडी ते करते. फोनवर 17:42 असा आकडा वाचून मला काहीच होत नाही. लाल फाक बोटभर उरलेली दिसली की मात्र हात चालतो.

शिवाय फोनवर टायमर लावायचा तर फोन उघडायला लागतो. तो उघडला की कुणीतरी बाहीच्या डिझाइनचा फोटो टाकलेला असतो, त्यावरून दुसरी बाही, त्यावरून रील. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सुरुवातीला टायमरने कमाल केली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते एडीएचडीवाल्यांना जरा जास्तच लागू पडतं. संक्रांतीपर्यंत तो मशीनशेजारी असून दिसेनासा झाला, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरासारखा. बहुतेक लोक इथं वस्तू फडताळात टाकतात आणि "मला काही उपयोग झाला नाही" असं लिहितात. मी जागा बदलली. आता तो इस्त्रीच्या टेबलावर असतो, बंद करायला उठायलाच लागतं. हाताशी असायचा तेव्हा पिप् वाजलं की बघायच्या आतच बंद करत होते. काम अंगात आलं की घंटा ऐकूनही आम्हाला भान येत नाही, म्हणून उठायला लागणं महत्त्वाचं. दर महिना-दीड महिन्याने जागा पुन्हा हलवते.

दुसरा बदल टायमरबाहेरचा, आणि खरं काम त्यानेच केलं. "हूक वेळेवर लावायचे" असा निश्चय सोडून दिला. त्याऐवजी दुपारच्या चहाचा कप विसळला की मूठ फिरवायची, एवढंच ठरवलं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये हेच मांडलं होतं: नुसता हेतू ठेवण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधीच बांधून ठेवलं तर काम पार पडण्याची शक्यता वाढते. कप ठरलेलाच असतो, त्याची आठवण ठेवायला लागत नाही. टायमर चालू असेपर्यंत मोठी कात्री आतल्या खोलीत. कापड ओढलं तरी कापायला काही नाही.

वेळ किती लावायची? पोमोडोरो म्हणून वेळेचे तुकडे पाडून काम करायची जी पद्धत आहे तिच्यात एक तुकडा 25 मिनिटांचा असतो. हातशिलाईला मला 25 झेपत नाहीत, 15 झेपतात. कटिंगला उलट 40 लावते, आणि तिथं टायमर काम सुरू ठेवायला नाही, थांबायला लागतो.

आमच्याकडे मदतीला येणारी मुलगी बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी. माझं कन्नड बाजारापुरतं, तिचं मराठी त्याहून थोडं. तबकडीला भाषाच नाही, त्यामुळे ती लगेच समजली. आता लाल संपलं की तीच ओरडते, "अक्का, केंपु मुगीतु!" म्हणजे लाल संपलं. समोर दुसरं माणूस काम करत बसलं असलं की आपलंही काम निघतं, हा एडीएचडी असलेल्या बऱ्याचजणांचा अनुभव आहे. ती सुट्टीवर असते त्या दिवशी टायमरची ताकद अर्ध्यावर येते, हे मान्य करायला हवं.

उणिवा बऱ्याच आहेत. मोटरची मशीन आणि इंटरलॉक एकदम चालू असले की पिप् ऐकू येत नाही. पाच मिनिटांखाली वेळ लावली तर भरवसा नाही. मूठ आता ढिली झाली आहे, कापडाचा धक्का लागला तरी फिरते. मुलाला अभ्यासाला दिला तर तो पुस्तक सोडून तबकडीच बघत बसला. त्याच्या पाठीमागे ठेवला तेव्हा कुठं जमलं.

"21 दिवस करा, सवय लागते" हे मात्र विसरा. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना निदान तेवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला, तो 2010 मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसामाणसांत फरक 18 पासून 254 पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. ती माणसं काही एडीएचडी बघून निवडलेली नव्हती. माझ्यापुरतं म्हणाल तर आठ महिन्यांनी कप विसळल्यावर हात आपसूक टायमरकडे जातो, पण लग्नघरी दोन दिवस राहून आलं की पुन्हा पहिल्यापासून ओढावं लागतं.

गोळ्यांच्या जागी टायमर, असं कुणी समजू नये. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवलेलंही नसतं. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात. काय घ्यायचं ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. बेळगावकरांना धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय जवळ आहे, आणि कुठं जावं हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत लागतो.

रात्रीच्या फोनवर मात्र या वस्तूचा काडीचा उपयोग झाला नाही. उशाशी तबकडी ठेवली, लाल संपलं, पिप् बंद केलं आणि रील बघत राहिले. कप नाही, मुलगी नाही, उठायची गरज नाही. आता चार्जरच दुकानात ठेवते. शटर ओढताना फोन तिथंच राहतो, घरी बटणांचा साधा फोन. आमच्या ह्यांची कुरकुर आहे की रात्रीच्या ऑर्डरी जातात. आखाडात तशाही ऑर्डरी कमीच, त्यामुळे सध्या निभावतंय. श्रावण लागल्यावर काय होतं ते खाली लिहीन.