नॉर्डकिर्ख (उत्तर जर्मनीचं लुथरन चर्च): सभासद म्हणून माझा रिव्ह्यू, ५ पैकी ४

हॅम्बर्गला आल्यावर पत्ता नोंदवायच्या फॉर्मवर धर्म लिहिला आणि पगारातून चर्च टॅक्स सुरू झाला, इन्कम टॅक्सच्या ९ टक्के. आम्ही नगरचे, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), दशांशाची, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्यायची, सवय लहानपणापासून आहे, पण पैसे जातात तर कारभार कसा चालतो ते बघावं ना, म्हणून हे लिहितेय.

हे चर्च २०१२ चं. त्या वर्षी २७ मे ला, पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) दिवशी, रात्झेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तीन चर्च एक झाली, पश्चिमेचं नॉर्थ एल्बियन आणि जुन्या पूर्व जर्मनीतली मेक्लेनबुर्ग आणि पोमेरेनियाची. आता तीन मोठे विभाग आणि त्याखाली १३ जिल्हे, इथे त्याला किर्खनक्राइस म्हणतात. पश्चिमवाल्यांनी तर २००९ लाच २७ जिल्ह्यांचे ११ करून टाकले होते, मेक्लेनबुर्ग अख्खं एक आणि पोमेरेनिया एक.

मला सगळ्यात आवडलं ते हे की ऑफिस पश्चिमेला कीलमध्ये ठेवलं आणि मुख्य बिशप पूर्वेला श्वेरिनमध्ये. पूर्वेला सभासद खूप कमी, तरी मान तिकडे दिला. सीएनआयसुद्धा १९७० ला नागपूरला अशीच वेगवेगळी चर्च एकत्र येऊन झालं, तेव्हा आजोबा तिथे होते, ते सांगायचे की उपासना एकत्र करायला कुणाची ना नव्हती, जमिनी, इमारती आणि खुर्च्या यावरच बैठका लांबायच्या, त्यामुळे इथलं हे वाटप बघून खरंच बरं वाटलं.

आमच्या मंडळीत, म्हणजे इथल्या स्थानिक चर्चमध्ये, अनुभव छानच. बाळ झालं तेव्हा पाळकबाई स्वतः घरी आल्या, माझं जर्मन तोडकंमोडकं तरी तासभर बसल्या, बाप्तिस्म्याला फी वगैरे काही नाही.

एक स्टार कापला तो जिल्ह्यांच्या आकारासाठी. पोमेरेनियाचा जिल्हा र‍्यूगन बेटापासून पार पोलंडच्या हद्दीपर्यंत, मग खेड्यातल्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांनी नोकरी सांभाळून जिल्ह्याच्या सिनडला (चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेला) जायचं कसं? सभासद कमी होतायत, आता २० लाखांच्या खाली आलेत, खर्च वाचवायला हवा हे पटतं, पण लांबच्या गावांसाठी गाडीभाडं आणि ऑनलाइन बैठक हक्काने मिळायला पाहिजे.

रात्झेबुर्गला जमलं तर नक्की जा, ल्युबेकहून लोकल ट्रेन आहे. कॅथेड्रल तळ्यातल्या बेटावर, लाल विटांचं, १२ व्या शतकातलं, आणि त्याच्या आवारातली जागा १९३७ पर्यंत मेक्लेनबुर्गची होती.