सुटी तिकिटं जमवावी की फर्स्ट डे कव्हर?

टपाल तिकिटं जमवायचा छंद लावून घ्यायचा ठरला की पहिली अडचण हीच: नुसती तिकिटं जमवायची, की तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का मारलेले लिफाफे, म्हणजे फर्स्ट डे कव्हर? शहरातले संग्राहक आधी पैशाचा हिशेब मांडतात. वणी-पांढरकवड्याकडे खेड्यात राहणाऱ्याने मात्र आधी आपल्या घरातली ओल बघावी, असं मला मनापासून वाटतं.

कोरं, म्हणजे न वापरलेलं, तिकीट देखणं खरं, पण त्याच्या पाठीला गोंद असतो. पावसाळ्यात झड लागली, भिंती ओलावल्या, की ते अल्बमच्या पानाला चिकटतं. सोडवायला जावं तर गोंद जातो आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही उतरते. वापरलेल्या तिकिटाला ही धास्ती नाही, शिवाय ते फुकट मिळतं. लिफाफ्याचा तिकीट असलेला तुकडा ताटलीत कोमट पाण्यात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपोआप सुटतं, ओढायचं नाही. पाठीवरचा चिकटपणा बोटाने अलगद काढा, पालथं घालून सावलीत वाळवा, मग जाड पुस्तकात दाबा. लाल-गुलाबी लिफाफे वेगळे भिजवा, त्यांचा रंग दुसऱ्या तिकिटांना लागतो.

फर्स्ट डे कव्हरची गंमत वेगळी. तिकीट निघालं त्याच तारखेचा खास शिक्का, विषयाला धरून छापलेला लिफाफा, आणि सोबत माहितीपत्रक घेतलं तर वाचायलाही भरपूर. विनोबांवर 1983 मध्ये तिकीट निघालं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांवर 1995 मध्ये. विनोबांचं पवनार किंवा तुकडोजींची मोझरी ज्याच्या मनात आहे, त्याला नुसत्या तिकिटापेक्षा असं कव्हर कितीतरी जास्त देऊन जातं. पण कव्हरला जागा लागते, कागद पिवळा पडतो, वाळवी लागली तर गठ्ठाच जातो. भाव वाढेल म्हणून तर घेऊच नये. अलीकडच्या बहुतेक कव्हरांचा भाव फारसा चढत नाही.

मिळण्याचंही बघा. गावच्या शाखा डाकघरात स्मारक तिकिटं, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेली, क्वचितच येतात. नागपूरच्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयात, फिलाटेली (तिकीटसंग्रह) ब्युरो आहे, पण दर वेळी तिथवर जाणं परवडत नाही. त्यापेक्षा किमान 200 रुपये भरून फिलाटेली डिपॉझिट खातं उघडावं. नवी तिकिटं आणि कव्हरं पोस्टाने घरी येतात. सहावी ते नववीतल्या मुलांसाठी टपाल खात्याची दीनदयाल स्पर्श शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 6000 रुपयांची. तिच्यासाठी शाळेच्या फिलाटेली क्लबचं सदस्यत्व किंवा स्वतःचं असं खातं लागतं.

म्हणून पोराला छंद लावायचा असेल तर वापरलेली तिकिटंच द्या. मोठ्या माणसाने एकच विषय धरावा आणि त्याचीच मोजकी कव्हरं घ्यावी.

एक मात्र सांगून ठेवतो. आजीच्या पेटीत जुनी पत्रं सापडली आणि लिफाफ्यावर आपल्या गावच्या पोस्टाचा शिक्का स्पष्ट वाचता येत असेल, तर तिकीट कापू नका. तो लिफाफा अख्खाच ठेवा.