गोदाक्काची वाढीव वॉरंटी: ४५,४३० रुपयांचा हिशोब

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बारा कर्ज विभागात. समोरच्या माणसाला "अटी वाचल्यात ना नीट?" हे मी किती हजार वेळा विचारलं असेल, देव जाणे. आणि निवृत्तीनंतर स्वतः सही करताना मात्र गाडीच्या वाढीव वॉरंटीच्या सोळा पानांच्या कराराचं पहिलं आणि शेवटचं पान वाचलं. म्हणून हा अनुभव लिहिताना थोडी लाज वाटते, पण लिहिते.

आमची गोदाक्का म्हणजे आमची गाडी, २०१४ ची, मूळची सतरा सीटर. आधीच्या मालकाने खुर्च्या काढून आत दोन बाकांचा पलंग, छोटा ओटा, साठ लिटरची पाण्याची टाकी, बारा व्होल्टचा पंप, फ्रिज आणि छतात एक झरोका बसवून घेतलेला. जाहिरातीत हिला मोटरहोम म्हणतात, आमच्या सोसायटीत "काकूंची ॲम्ब्युलन्स". इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मावत नाही, म्हणून ठाण्यातच कोलशेतला भाड्याच्या जागेत उभी असते. २०२२ मध्ये घेतली तेव्हा मीटर १,१८,००० किलोमीटर दाखवत होतं. चालवते मी. हे शेजारी बसून "गिअर बदल" सांगतात.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या ज्या विक्रेत्याकडून घेतली, त्याच्याच टेबलावर वॉरंटी विकणारा मुलगा बसला होता. गोड मुलगा, "काकू, काकू" करणारा. "काकू, जुनी गाडी आहे, इंजिन उघडायची वेळ आली तर लाखाला फोडणी बसेल." दोन वर्षांचे ३८,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५,४३०. दर दाव्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये. पन्नास किलोमीटरपर्यंत टोइंग मोफत. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कार्ड पुढे केलं.

चार दिवसांनी तपासणीला माणूस आला. वीस मिनिटं, मोबाइलवर फोटो, मीटरचा फोटो, बोनेट उघडून "आवाज चांगला आहे". ऑइलची दांडी बाहेर काढून पाहिली नाही. हे मी तेव्हा पाहिलं आणि काहीच बोलले नाही. शेरा दिला, "योग्य".

पहिला दावा आठव्या महिन्यात. माळशेजला निघालो होतो. मुरबाड सोडलं आणि गाडीचा दम गेला. ॲक्सिलरेटर दाबला की नुसता शिट्टीसारखा आवाज आणि मागे निळसर धूर, वेग काही चाळीसच्या वर जाईना. टोकावड्याला कशीबशी बाजूला घेतली. हेल्पलाइनवर मुलगी छान बोलली, दोन तासांनी टोइंगची गाडीही आली. पण टोकावड्याहून ठाणं पन्नासच्या बाहेर. वरच्या किलोमीटरचे पैसे रोख, चालकाच्या हातात.

गाडी त्यांच्याच यादीतल्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागते. तिथे समजलं की दावा मंजूर व्हायच्या आधी पार्ट खोलून दाखवावा लागतो, आणि खोलण्याची मजुरी आपली. दावा मंजूर झाला तर परत, नाही तर गेली. ६,५०० रुपये. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा, उघडला. त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, हलत होता, ऑइल जायच्या बारीक नळीत काळा चिखल साचलेला. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला ऑइलचा पातळ थर एवढाच काय तो आधार. ऑइल वेळेवर बदललं नाही की ते घट्ट होत जातं, नळी चोंदते आणि शाफ्ट कोरडा फिरायला लागतो. हे मला वर्कशॉपमधल्या पोरानेच समजावलं, आणि ते बरोबर होतं. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही.

तक्रार ईमेलबद्दल आहे. दावा नामंजूर, कारणं दोन. एक, हा बिघाड वॉरंटीच्या आधीपासूनचा. दोन, सर्व्हिसचा पुरावा अपुरा.

पहिल्यावर मी विचारलं, आधीचा होता तर तुमच्या माणसाने "योग्य" कशाला लिहिलं? उत्तर आलं: कलम ७, तपासणी केवळ दर्शनी स्वरूपाची असून ती गाडीच्या अंतर्गत स्थितीची हमी नाही. म्हणजे त्यांनी पाहिलं ते आपल्या उपयोगाचं नाही आणि त्यांनी पाहिलं नाही त्याचा भुर्दंड मात्र आपल्याला! कर्ज विभागात असताना मी असं मूल्यांकन मान्य केलं असतं तर मेमो मिळाला असता.

दुसऱ्यावर मात्र मी गप्प झाले. ऑइल मी बदललं होतं, गाडी घेतल्यावर लगेच आणि पुन्हा सहा महिन्यांनी. पण वागळे इस्टेटमधल्या मामाकडे, म्हणजे तिथल्या मेकॅनिककडे. मामाचं बिल म्हणजे कार्बनच्या वहीतला गुलाबी कागद: "ऑइल, फिल्टर, मजुरी", खाली फराटा. जीएसटी क्रमांक नाही, किलोमीटरची नोंद नाही, गाडीचा नंबरसुद्धा अर्धा. करारात पान अकरावर स्वच्छ लिहिलेलं होतं की दर १०,००० किलोमीटर किंवा सहा महिन्यांनी सर्व्हिस आणि तिचं कर-बिल. सही माझीच.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. पाच आठवड्यांनी वॉरंटीवाल्यांनी "सदिच्छा म्हणून" खोलण्याचे ६,५०० परत केले, बाकी नाही. पुढे ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तिथे फी लागत नाही, अर्जही ऑनलाइन करता येतो. विमा लोकपालाकडे मात्र जाता येत नव्हतं, कारण माझ्या हातात होता तो विमा नव्हे, सेवा करार. दोन्ही कागद दिसायला सारखेच, तीच बारीक अक्षरं, तीच निळी पट्टी. आयोगाची फाइल मी तयारही केली. मग पान अकरा परत वाचलं आणि फाइल कपाटात ठेवली.

टर्बो शेवटी मामानेच केला. नवा अख्खा न घालता आतलं कोअर तेवढं बदललं, नळ्या नव्या घातल्या, ऑइल पॅन उतरवून धुतला. २७,५०० रुपये. आणि एक सवय लावली: घाट चढून आलं की लगेच चावी फिरवायची नाही, मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं.

दुसरा दावा अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या पार्टचा. तो मंजूर झाला, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, फक्त तीन दिवसांत. बिल १४,२०० चं. एक लाख किलोमीटरच्या पुढच्या गाडीला पार्टवर ४० टक्के घसारा, म्हणून हातात ८,५२०. क्लच प्लेट झिजली तेव्हा अर्थातच काही नाही, ते झिजणारंच असतं. १६,४०० भरले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

खरा खर्च कुठून आला ते ऐका. छतातून.

त्या झरोक्याभोवती जो फट बुजवणाऱ्या सीलंटचा पट्टा असतो, तो उन्हाने वाळून तडकतो. वरून बघितलं तर केसाएवढी भेग. पण ठाण्याचा पावसाळा, आणि गाडी चार महिने उघड्यावर. पाणी भेगेतून आत, आतून प्लायमध्ये, प्लायमधून भिंतीच्या पॅनलमागे. आम्हाला कळलं ते ऑगस्टमध्ये, पलंगाच्या डोक्याशी ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला तेव्हा. यांनी बोट लावलं तर बोट आत गेलं! मागची निम्मी लाकडी चौकट भुसा झालेली. एका दिव्याची वायरही हिरवट पडलेली. सुतार, सीलंट, नवं मरीन प्लाय, वायरिंग मिळून ३१,००० रुपये आणि तीन आठवडे. हा दोन वर्षांतला सगळ्यात मोठा खर्च आणि वॉरंटीत त्याला जागाच नाही. छत, खिडक्या, फ्रिज, पाण्याचा पंप, टाकी, दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर: "मूळ उत्पादकाने न बसवलेले साहित्य" या एका ओळीत अख्खं घर वगळलेलं. पंपही त्याच वर्षी गेला, ३,८०० रुपये.

म्हणजे वॉरंटी होती ती टेम्पोची. आम्ही विकत घेतलं होतं ते घर. आणि जुन्या गाडीतलं घर किलोमीटरने म्हातारं होत नाही, वर्षांनी होतं. रबर, सीलंट, होस पाइप, टायर, सगळं उभ्या उभ्या कडक होतं. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरांवर २३१५ होतं. नक्षी झकास, पण टायर सात वर्षांचे. बदलले. तो खर्च मी इथे धरलेलाच नाही, कारण तो गाडी घेतानाच दिसायला हवा होता.

टायर सोडून बेरीज: दुरुस्तीची बिलं ९२,९००. वॉरंटीला दिले ४५,४३०. दाव्यापोटी आले ८,५२०. खोलण्याचे ६,५०० गेले आणि आले. टोइंगचे वरचे पैसे लिहून ठेवले नाहीत, बँकेतली सवय सुटत चालली म्हणायची.

एक गोष्ट सुदैवाने बरी होती. आधीच्या मालकाने आरसीवर मोटर कॅरॅव्हॅन अशी रीतसर नोंद करून घेतलेली. नाही तर "अनधिकृत फेरबदल" या कलमाखाली अल्टरनेटरही गेला असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. विकताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, दाव्याच्या वेळी पहिला विचारतात. जुनं कॅम्पर बघायला जाल तर पलंग किती रुंद ते नंतर बघा, आधी आरसी बघा.

तारे द्यायचे तर पाचपैकी दीड. दीड अल्टरनेटरच्या तीन दिवसांसाठी आणि हेल्पलाइनवरच्या त्या मुलीसाठी, जिने टोकावड्याला आम्ही झाडाखाली बसलो असताना दर अर्ध्या तासाने स्वतःहून फोन केला. नवी गाडी असेल आणि मूळ वॉरंटी चालू असतानाच बनवणाऱ्या कंपनीची मुदतवाढ घेत असाल तर हा माझा हिशोब तुम्हाला लागू नाही. दहा वर्षांच्या आसपासच्या, कुणीतरी आतून बदललेल्या गाडीला मी तरी परत घेणार नाही. त्याऐवजी महिन्याला दोन हजार वेगळ्या खात्यात टाकतेय. यांनी त्या खात्याला "गोदाक्काची भिशी" नाव दिलंय. गेल्या मे महिन्यात त्यातूनच छताचा सगळा सीलंट खरवडून नवा भरला, पावसाच्या आधी.

गेल्या महिन्यात तो गोड मुलगा पुन्हा फोनवर आला.

"काकू, रिन्यू करायची ना? तुम्हाला दहा टक्के सूट."

"छत धरता का रे त्यात?"

"छत? काकू, छतात काय बिघडणार?"

मामाला तारे देऊन उपयोग नाही, तो मोबाइलवर फक्त भजनं ऐकतो. माणूस तोंडाने तिखट आहे. "ताई, ही गाडी तुम्ही घेतली की तुमच्या गळ्यात मारली?" हे त्याचं पहिलं वाक्य. पण जुना पार्ट काढला की तो फडक्यात बांधून हातात देतो, आणि काम सांगितल्यापेक्षा वाढलं तर आधी फोन करतो. आता मी त्याच्याकडून गुलाबी कागदावर गाडीचा पूर्ण नंबर आणि किलोमीटर लिहून घेते. तो वैतागतो, पण लिहितो. उंच गाडी घेऊन सकाळी दहाच्या आत जा, नंतर त्याच्या गल्लीत मालाचे टेम्पो लागतात आणि वळवायला जागा राहत नाही. शुक्रवारी बंद.