बडोद्यातल्या कॅथलिक शाळेत लेकीची तिसरी: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

ह्यांची बदली झाली आणि गेल्या मे महिन्यात आम्ही नाशिकहून सासरी, दांडिया बाजारात राहायला आलो. लेकीला तिसरीत एका कॅथलिक शाळेत घातलं. शाळा सिस्टर्स चालवतात, माध्यम इंग्रजी, बोर्ड गुजरातचं. प्रवेशाच्या धावपळीत मला बस, युनिफॉर्म, मैदान सगळ्याची माहिती मिळाली, पण वर्गात काय आणि कसं शिकवतात हे कुणालाच नीट सांगता येईना. आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणून मी तेवढंच लिहिते.

आधी वाचनाबद्दल, कारण या शाळेत खरी मेहनत तिथे घेतात. रोजचा पहिला तास वाचनाचा. टीचर पाच-सहा मुलांना टेबलाजवळ बोलावतात, बाकीची आपापलं पुस्तक घेऊन बसतात. डिसेंबरात पालकांना वर्गात बसू दिलं तेव्हा मी मागच्या बाकावरून पाहिलं. लेक ‘थ्रू’ या शब्दाशी अडली. टीचरनी तो सांगितला नाही. ‘वाक्य शेवटपर्यंत वाच आणि मग परत मागे ये,’ एवढंच म्हणाल्या. मांजर खिडकीतून आत येतं असं काहीतरी वाक्य होतं. ती शेवटपर्यंत गेली, मागे आली आणि शब्द बरोबर उच्चारला. मग टीचरनी विचारलं, ‘यातली कुठली अक्षरं बोलत नाहीत?’ तिनं जी आणि एचवर बोट ठेवलं. या सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील, आणि तेवढा वेळ बाकीची पाच मुलं शांतपणे ऐकत होती.

याचा परिणाम घरी मराठीत दिसला, हे मला अपेक्षित नव्हतं. पूर्वी जोडाक्षर आलं की ती थांबून माझ्याकडे बघायची. आता वाक्य पुरं करते, मागे येते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून आजी तिला मराठी गोष्टींची पुस्तकं आणून देतात. सयाजीरावांनी १९१० साली उभी केलेली ही लायब्ररी, आजींच्या लहानपणीही त्यांचं तिथे जाणं-येणं होतं. दिवाळीनंतर एका रविवारी लेकीनं पुस्तक आजींच्या हातातून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

गुजरातीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. २०२३च्या कायद्यानं गुजरातमध्ये बोर्ड कुठलंही असो, पहिली ते आठवी गुजराती शिकवावीच लागते, आणि आमची तर पहिली-दुसरी नाशिकची. पहिल्या आठवड्यात तिनं गुजरातीच्या वहीत प्रत्येक शब्दावर पट्टी ठेवून शिरोरेषा मारली. गुजरातीत शिरोरेषा नसते, पण तिला वाटलं, फळ्यावर टीचर विसरल्या. टीचरनी पानावर लाल शाई ओढली नाही. एका ओळीवरची रेघ स्वतः खोडून दाखवली आणि बाकीच्या तिच्याकडून खोडून घेतल्या. गुजराती पाचाचा आकडा आपल्या ‘प’सारखा आणि त्यांचा ‘क’ आपल्या ५च्या वळणाचा, त्यामुळे श्रावण संपेपर्यंत गोंधळ चालला. वर्गात मराठी घरांतली पाच-सात मुलं आहेत. टीचरनी त्यांना शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर वेगळं बसवून तीन महिने अक्षरं गिरवून घेतली, त्याचे पैसे मागितले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांनी छान वापरली. मराठीत आणि गुजरातीत तीन लिंगं, हिंदीत दोन. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, गुजरातीतही नपुंसकलिंगी, हिंदीत मात्र स्त्रीलिंगी. ‘तुमच्या घरच्या भाषेचा इथे आधार घ्या,’ असं त्यांनी मुलांना सांगितलं. घरची भाषा शाळेत अडचण ठरते असंच मी आजवर ऐकत आले होते, त्यामुळे हे ऐकून मला खरंच भरून आलं.

आता गणित. इथे मी समाधानी नाही. पाढे घोकून पाठ आहेत, उभी बेरीज-वजाबाकी चोख येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की मुलं गडबडतात. दिवाळीत मी तिला विचारलं, ‘२४ चकल्या चार डब्यांत सारख्या भरायच्या, एका डब्यात किती?’ तिनं विचारलं, ‘आई, गुणायचं की भागायचं?’ म्हणजे भागाकार तिला येतो, पण तो कशासाठी असतो हे कुणी दाखवलेलंच नाही. नोव्हेंबरच्या वाली मीटिंगला, म्हणजे पालकसभेत, मी हे सिस्टरांसमोर मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं, आणि जानेवारीपासून आठवड्यातून एक तास मणी आणि काड्या घेऊन गणित होतं. एक तास पुरेसा नाही, पण बोललं तर हलतं, एवढं कळलं.

मुळात वर्गात ५२ मुलं आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं मोठ्या प्राथमिक शाळेतही एका शिक्षकामागे ४०च्या वर मुलं नसावीत असं म्हटलंय. ज्या शहराच्या राजानं १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तिथे हे मला पटत नाही. वाचन पाच-सहा जणांच्या गटात होतं म्हणून निभावतं. गणित सगळ्या वर्गाला एकदम शिकवतात, आणि तिथेच मागची मुलं सुटतात.

धर्माबद्दल सासूबाईंना काळजी होती, म्हणून तेही सांगते. सकाळी प्रार्थना होते, मग संविधानाची प्रस्तावना म्हणतात. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं एप्रिल २०२४मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या, त्यांत प्रस्तावना रोज म्हणावी आणि इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, हे दोन्ही होतं. आमच्याकडे कॅथलिक मुलांचा कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास वेगळ्या खोलीत होतो, तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण. त्यात जानेवारीत मुलांनी आपापल्या आजी-आजोबांची मुलाखत घेऊन लिहून आणायची होती. लेकीनं सासूबाईंना दोन संध्याकाळी समोर बसवून प्रश्न विचारले. त्यानंतर काळजीचा विषय घरात निघाला नाही.

गृहपाठ माफक, अर्ध्या तासाचा. प्रोजेक्ट मात्र आयांनाच करावे लागतात, ते कमी झाले तर बरं. फी १५,०००च्या आत आहे, म्हणजे गुजरातच्या २०१७च्या फी कायद्यात प्राथमिकसाठी जी रेघ आखलीय त्याच्या खाली.

चौथीसाठी आम्ही इथेच ठेवतोय. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी मे महिन्यात गुजराती मुळाक्षरं घरी गिरवून घ्यावीत. रावपुऱ्यात उजळणीची पुस्तकं सहज मिळतात, आणि क, ज, झ, फ, ल या पाच अक्षरांवर जास्त वेळ द्यावा. आमची त्यांतच अडली होती.