गोव्याहून लिस्बन: दोहामार्गे की मुंबईमार्गे?

फोंड्याच्या मावशीला मार्चमध्ये लेकाकडे लिस्बनला जायचंय. पहिलाच परदेश प्रवास, तोही एकटीने. थेट विमान नाही, तेव्हा तिचा प्रश्न सरळ होता: "दोहावरून जाऊ की मुंबईवरून?"

गोवा ते लिस्बन सरळ हवाई अंतर साधारण 8,300 किलोमीटर. गंमत म्हणजे दोहा जवळजवळ या रेषेवरच येतं. गोवा-दोहा 2,550 आणि दोहा-लिस्बन 5,800, म्हणजे वळसा जेमतेम पन्नासेक किलोमीटरचा. फोंड्याहून म्हापशाला जाऊन यायला याहून जास्त पडतं! मुंबई आणि पुढे फ्रँकफुर्ट धरलं तर 425, 6,570 आणि 1,875 मिळून 8,870. हवेतला वेळ दोहामार्गे बारा तास, मुंबईमार्गे सव्वातेरा. तासाभराच्या फरकावर काही ठरवू नये. वेळ खातो तो जमिनीवरचा मुक्काम.

मी एकदा पैसे वाचवायला मुंबईपर्यंतचं आणि पुढचं अशी दोन वेगळी तिकिटं काढली. गोव्याचं विमान दोन तास उशिरा सुटलं. सांताक्रूझच्या टर्मिनल एकवर पट्ट्यासमोर बॅगेची वाट पाहिली, टॅक्सीने सहारच्या टर्मिनल दोनला पोचलो, तर काऊंटर बंद. पुढच्या तिकिटाचे पैसे बुडाले. दोन्ही तिकिटं वेगळी, त्यामुळे भांडायलाही कोणी नाही. शिवाय देशांतर्गत तिकिटावर बहुधा 15 किलोच सामान चालतं, लांबच्या तिकिटावर 23 मिळत असलं तरी.

एकाच तिकिटावर मुंबईमार्गे मिळत असेल तर प्रकरण वेगळं. बॅग थेट लिस्बनला जाते, वेळांचे पर्यायही जास्त. तरी मावशीसाठी मला ते पटत नाही. विमानं तीन, आणि शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) पहिलं पाऊल फ्रँकफुर्टला, म्हणजे पासपोर्टच्या खिडकीवरचे प्रश्नही तिथेच. दोहामार्गे ती खिडकी लिस्बनला येते, आणि दाराबाहेर लेक उभा असतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, हे विसरू नका. समजा पहाटे 4 ला निघून दुपारी 2:30 ला लिस्बन, तर ते साडेदहा तास नव्हेत. घड्याळ साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास सोळा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ पुढे जातं, मग फरक साडेचार. आणि गोव्यातला विमानतळ मोपा की दाबोळी, तेही तिकिटावर बघून घ्या: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. फोंड्याहून दोन्हींच्या दिशा वेगळ्या.

मावशीने दोहा ठरवलंय, मध्ये तीन तासांची विश्रांती ठेवून. व्हीलचेअर मात्र तिकिटासोबतच सांगून ठेवलीय. गुडघे दुखतात म्हणून नाही, बरोबरचा माणूस गेटपर्यंत नेऊन सोडतो म्हणून. आता वाद कोकमाच्या आगळाच्या बाटलीवरून आहे. ती हातातल्या पिशवीत घ्यायची म्हणते, आणि 100 मिलीच्या वर पातळ काही सुरक्षा तपासणीत सोडत नाहीत.