मूळव्याध: ओपन ऑपरेशन की स्टेपलर? वर्षभरानंतरचा अनुभव

ज्यांना मूळव्याधीचे मोड बोटाने आत ढकलावे लागतात किंवा ढकलूनही राहत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दादाचे मोड पुन्हा बाहेर यायला लागलेत, म्हणून लिहायला बसलो. गेल्या वर्षी त्याने स्टेपलरने ऑपरेशन करून घेतलं आणि पाठोपाठ मी ओपन. आमचं दोघांचं दुखणं जवळपास सारखंच होतं.

आधी पैशांचं बोलतो, कारण तो राग अजून गेलेला नाही. स्टेपलरची गन, म्हणजे आतलं अस्तर कापून पिना मारणारं उपकरण, एकदाच वापरायची असते, दुसऱ्या पेशंटला चालत नाही. दादाच्या बिलात एकट्या गनची रक्कम सर्जनच्या फीपेक्षा मोठी होती. विमा कंपनीने त्यातली बरीचशी कापली. टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) किती फोन केले, पण ‘पॅकेजमध्ये बसत नाही’ यापलीकडे उत्तर नाही. अ‍ॅडमिट होताना दिलेल्या एस्टिमेटमध्ये गनचा उल्लेखच नव्हता! माझ्या बिलात असली ओळच नाही. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली मांडलेली ही ओपन पद्धत: मोड मुळाशी बांधून कापायचे, दोन जखमांमध्ये चांगल्या कातडीची पट्टी राखायची आणि जखम उघडी ठेवून आपोआप भरू द्यायची. ती पट्टी महत्त्वाची. ती राखली नाही तर जखम भरताना गुदद्वार आवळतं.

पण पहिले दोन आठवडे मला गनची किंमत रास्त वाटत होती, हेही लिहायला हवं. मणक्यातल्या इंजेक्शनचा असर उतरला आणि खरं दुखणं सुरू झालं. पहिल्यांदा संडासला जाताना घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं. संडास मऊ ठेवणारं लॅक्टुलोज आणि इसबगोल, मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक, वेदनेच्या गोळ्या आणि कोमट पाण्याचा टब यांवर दिवस काढले. दादा तर आठवड्याच्या आत दुकानात बसला होता. स्टेपलरमध्ये मोड कापत नाहीत. वरच्या अस्तराची गोल पट्टी कापून मोड वर ओढून घेतात, आणि तिथे कातडीसारखी वेदना कळत नाही. त्या दिवसांत कोणी विचारलं असतं तर मी स्टेपलरच सांगितलं असतं.

आज सांगणार नाही. जखम भरायला दीड महिना लागला, पण त्यानंतर रक्त नाही, मोड नाहीत, प्रवासाची धास्ती नाही. दादाला मात्र तेव्हापासून संडासची घाई सुरू झाली, कळ आली की थांबताच येत नाही. बाहेरचे कातडीचे कोंब तसेच राहिले, आणि आता आतलेही परत आले. हे त्याच्या एकट्याच्या नशिबाचं नाही. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर ईथॉस नावाची चाचणी झाली, तिचे निकाल २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सुरुवातीला स्टेपलरवाल्यांना कमी दुखलं, पण दोन वर्षांनी त्यांच्यातल्या ४२ टक्के लोकांनी त्रास परत आल्याचं सांगितलं. मोड कापून काढलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं. म्हणजे ओपनमध्येही खात्री नाही, पण खर्च कमी आणि दोन वर्षांचा एकूण हिशेबही तिकडेच झुकतो.

लेझरच्या जाहिराती प्रत्येक रिक्षामागे दिसतात. मीही विचारलं होतं. सर्जन म्हणाले, लेझरने मोड आतून भाजून आकसतो, पण कायम बाहेर लोंबणाऱ्या मोठ्या मोडांना मी ते सुचवणार नाही. विषय तिथेच संपला.

स्टेपलर घ्यायचाच असेल तर गनची किंमत एस्टिमेटमध्ये वेगळी लिहून घ्या आणि त्यातलं किती मंजूर होणार ते विमा कंपनीकडून आधीच लेखी मागा. ओपन करणाऱ्यांनी निदान पंधरा दिवसांची रजा टाकावी, आणि दुसऱ्या आठवड्यात अचानक जास्त रक्त गेलं तर घरी थांबू नये, थेट हॉस्पिटल गाठावं. टाका सुटण्याचा, खपली पडण्याचा काळ तोच असतो.

दादाने आता ओपनची तारीख घेतलीय. या वेळी बिलाची प्रत्येक ओळ अ‍ॅडमिट होण्याआधी मी स्वतः वाचणार आहे.