नऊ महिने, 9,400 किलोमीटर आणि अर्थिंगचा खड्डा

दसऱ्याला इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. घर जळगावला, नोकरी भुसावळला. नशिराबाद, साकेगाव, वाघूरचा पूल करत रोज जाऊन-येऊन 52 किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

जाहिरातीत एका चार्जची रेंज 120 किलोमीटर होती. हिवाळ्यात हायवेवर 60 च्या वेगाने मला 88 मिळाली, मे महिन्यात 76. हे मी फसवणूक मानत नाही. पेट्रोलच्या गाडीचं मायलेज तरी कुठे कंपनी सांगते तेवढं मिळतं? एका फुल चार्जला साडेतीन युनिट लागतात. हिशोब केला तर किलोमीटरला चाळीस पैसे. जुन्या स्कूटरला सव्वादोन रुपये पडायचे.

खरा त्रास बॅटरीने दिलाच नाही, दिला अर्थिंगने. पहिल्या रात्री चार्जर लावला तर लाल दिवा, चार्जिंग बंद. वायरमन आला, म्हणाला, तुमच्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकात वायरच नाही! चाळीस वर्षांच्या घरात फ्रीज, कूलर, मिक्सर सगळं अर्थिंगशिवाय चालत होतं, कोणी विचारलं नव्हतं. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरून प्लेट पुरली, खर्च चार हजार. सहा महिने सुखात गेले. एप्रिलच्या शेवटी पुन्हा लाल दिवा. सर्व्हिस सेंटरने चार्जर ठेवून घेतला, अकरा दिवसांनी "चार्जर ठीक आहे" म्हणून परत दिला. वायरमनने मात्र खड्ड्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, "पाणी कधी टाकलं होतं?" माती कोरडी पडली की अर्थिंग करंट जमिनीत सोडत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा खड्डाच काय, विहिरी कोरड्या पडतात. आता आठवड्याला दोन बादल्या. सर्व्हिस सेंटरमध्ये हे कोणालाच सुचू नये?

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची घेतली, तो निर्णय बरोबर ठरला. दुसऱ्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ही वजनाला जड आणि तेवढ्याच वजनात वीज कमी साठवते, पण उष्णता जास्त सोसते आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त देते. तरी एकदा दुपारी दीडला नशिराबादच्या अलीकडे स्क्रीनवर तापमानाचा इशारा आला आणि गाडीने स्वतःच वेग 45 वर आणला. आधी घाबरलो. नंतर कळलं, तो बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा शहाणपणा होता. तेव्हापासून माझे दोन नियम: गाडी निंबाखाली, आणि घरी आल्याआल्या चार्जिंग नाही, रात्री दहानंतर.

चार्जर नव्हता ते दिवस आणि नंतरचा उन्हाचा कडाका, असे तीन आठवडे मेमूने (विजेवरच्या लोकल गाडीने) गेलो. अर्ध्या तासात भुसावळ. शेजारी बसणारे एक निवृत्त लोको पायलट काका माझ्या रिजनरेटिव्ह ब्रेकच्या (ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत भरणाऱ्या) कौतुकावर हसले. माझी गाडी 100 टक्के चार्ज असली की ब्रेक लावून वीज परत मिळत नाही, साठवायला जागाच नसते. थ्री-फेज मोटारींच्या नव्या मेमूला ती अडचण नाही. ब्रेक लागला की वीज वरच्या 25 हजार व्होल्टच्या तारेत परत जाते आणि त्याच तारेखाली पुढे चाललेली दुसरी गाडी ती वापरते. माझ्या हायवेच्या प्रवासात तर ब्रेक लागतोच किती, तेव्हा फायदा गावातल्या सिग्नलपुरता.

"प्रदूषणमुक्त" हा शब्द मी वापरत नाही. ऑफिसच्या गच्चीवरून दीपनगरच्या औष्णिक केंद्राची धुरांडी दिसतात. माझ्या गल्लीत धूर नाही, एवढं मात्र खरं. सकाळी दहाच्या उन्हात घरच्या सोलरवर गाडी भरता आली असती, पण दहाला गाडी भुसावळला असते आणि ऑफिसात प्लग द्यायला साहेब तयार नाहीत.

बाकी ब्रेक पॅड अजून मूळचेच, मागचं टायर मात्र गुळगुळीत झालंय, कदाचित बॅटरीच्या वजनाने. सीट लांब प्रवासाला कडक. आवाज नाही हा गुण की दोष ठरवता येत नाही, समोरच्या घरचे बाबा म्हणतात, "हिना ते आवाजच येत नही भो, कुत्रं बी उठत नही!" साकेगावजवळ एका म्हशीनेही वळून बघितलं नाही आणि मला कचकन थांबावं लागलं, तेव्हापासून हॉर्न जास्त वाजवतो.

घ्यायची असेल तर शोरूममध्ये जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा.